कुलूप बघून खोडलेली नावं

आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं देवाला जातात, नाहीतर लग्नाला. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तांड्यावर मतदार यादी वाचायला जाते म्हटल्यावर आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "एकतीस वर्षं वाचलीस की ऑफिसात. पोट भरलं नाही?" असं म्हणाले. मला राग आलेला होता आणि त्यातला निम्मा स्वतःवरचाच होता.

तो कसा, ते आधी सांगते. मी महसुलात होते, त्यातली शेवटची चौदा वर्षं निवडणूक शाखेत अव्वल कारकून. आता निवृत्त होऊन मिरजेजवळ आमच्या गावात राहते. घराच्या मागं ऊस आहे आणि दर दिवाळीनंतर तिथं तोडणीची टोळी येऊन उतरते. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आमच्याकडे या लोकांना कोयत्यानं मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. "यंदा किती कोयते आलेत?" असं विचारायचं. त्यांची नावं आमच्या गावात कुणी विचारत नाही, मीही बरीच वर्षं विचारली नव्हती. सविता मात्र आमच्या बोअरवर पाणी भरायला यायची, म्हणून तिचं नाव माहीत झालं.

पौषातली गोष्ट. सवितानं हातातला मोबाईल माझ्यापुढं धरला. तिच्या तांड्यावरून कुणीतरी फोटो पाठवला होता. बंद दार, दाराला कुलूप आणि कुलपाच्या वर डिंकानं चिकटवलेला कागद. "काकू, हे काय हाय ओ? सगळ्याच घरांवर लावलंय म्हणं." मी चष्मा लावून वाचलं. यादीतून नाव का कमी करू नये याचा खुलासा करायला अमुक तारखेला हजर राहा, अशी नोटीस होती. मी हसले आणि म्हणाले, "अगं, नुसती चौकशी आहे. माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही, कायदा आहे तसा. परत गेलीस की जाऊन सांग, मी इथलीच म्हणून."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि गेली ऊस तोडायला. पाडव्यानंतर टोळी परतली आणि तिचा फोन आला. नावं गेली होती. तिचं, नवऱ्याचं, सासूचं, आणि तोडणीला गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं. कायदा माहीत असलेल्या माणसाला एक रोग असतो, जे कागदावर आहे ते घडतंच असं त्याला वाटतं. त्या रोगापायी मी एका बाईला गप्प बसवलं होतं. म्हणून मी निघाले.

हिंगोली, सोमवार

मिरजेला गाडीत बसले ती दुसऱ्या दिवशी हिंगोलीला उतरले. मधल्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिला दिसला तो हळदीचा रंग. हंगाम चालू होता. बाजाराच्या बाजूनं पोत्यांच्या गाड्या चालल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर ती पिवळी धूळ कुठंही बसत होती. मी शहाण्यासारखी पांढरी साडी नेसून गेले होते. तासाभरात नवरीमुलीसारखी हळद लागली. चहावाल्यानं माझा अवतार बघून बाकडं पुसलं आणि म्हणाला, "आजी, अंदर बैठो, धूप बहोत है." आमच्या सांगलीलाही हळदीचा मोठा बाजार आहे, पण असं ऊन आमच्याकडे नाही. इथं दुपारी बारा वाजता सावलीही घामेजते.

जीप भरेपर्यंत दीड तास गेला. ड्रायव्हरनं चौकशी केली. "तांड्यावर काहून चाललात मावशी? पाव्हणे हायेत का?"

"मतदार यादीचं काम आहे. नावं गेलीत त्यांची."

"ते ऐकलंय." त्यानं गियर टाकला. "कटलं तं कटलं. मत टाकून कोणाचं पोट भरलंय?"

मी विचारलं, "तुमचं आहे का यादीत?"

"आमचं तं हाय."

"मग द्या काढून. पोट भरत नाही ना त्यानं."

मागं बसलेली दोन माणसं हसली. ड्रायव्हरनं उगीचच हॉर्न दाबला. पुसेगाव गेलं, पुढं बरंच अंतर गेलं आणि एका फाट्यावर त्यानं मला उतरवलं. पण पिशवी स्वतः उतरवून दिली आणि तांड्याची वाट हातानं दाखवली. तांड्याचं आणि तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मी आले नि गेले, त्या लोकांना तिथंच राहायचं आहे.

तांडा, सोमवार संध्याकाळ

फाट्यापासून दीड मैल चालायचं. रस्ता म्हणजे मुरूम, तोही अर्ध्यावर संपतो. दोन्ही बाजूला नांगरून टाकलेली काळी रानं, सोयाबीनची वाट बघत पडलेली. बांधावर कुठं बाभळ, कुठं पळस. सविता निम्म्या वाटेत सामोरी आली आणि मी तिला ओळखलंच नाही. आमच्या बोअरवर ही बाई खाली मान घालून, पदर सावरून बोलायची. इथं ती लांबूनच हाका मारत आली, माझी पिशवी हिसकावून डोक्यावर घेतली आणि माझी पिवळी साडी बघून रस्त्यातच हसत उभी राहिली. पाच महिने जी बाई माझ्या घरामागं राहिली तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

तांड्यात शिरल्या शिरल्या मी एक घोळ घातला. पाय भरून आले होते. लिंबाखाली शेणानं सारवलेला एक छान ओटा दिसला, त्यावर जाऊन बसले आणि चपला काढून पाय दाबायला लागले. आजूबाजूची कुजबुज एकदम थांबली. सविता पदर तोंडाला लावून हसायला लागली. तेवढ्यात काठी टेकत एक उंच, सडसडीत म्हातारा आला, डोक्याला तांबडं मुंडासं. हेच हरसिंग नायक, तांड्याचे प्रमुख. मी बसले होते तो त्यांचा ओटा होता.

मी गडबडीनं उठायला लागले तर ते म्हणाले, "बसा बसा. बसल्या तं बसल्या. पन आता तुमालाच बोलावं लागंल."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हापासूनची रीत आहे. बाहेरचं माणूस तांड्यात आलं की आधी नायकाकडं येतं. नायक ओट्यावर बसतो आणि साऱ्या तांड्याच्या वतीनं एकटा बोलतो. त्याच्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही. आणि या ओट्यावर बसून खोटं बोलायचं नाही. भांडण असो, सोयरीक असो, पोलीस असो. खोटं बोलला तर त्याची नायकी गेली. आमच्या गावात चावडी आहे, तिथं याच्या बरोब्बर उलट रिवाज आहे, पण ते जाऊ द्या.

जेवायला सविताकडं ज्वारीची भाकरी होती, तिला ते बाटी म्हणतात. आमच्या भाकरीपेक्षा जाड आणि चुलीत खरपूस भाजलेली. सोबत तुरीचं घट्ट वरण, लसणाचा ठेचा आणि कच्च्या कैरीच्या फोडी. ठेचा इतका जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. सविताची सासू झमकूबाई माझ्यापुढं बसून मी किती खाते ते बघत होती. "आमचं तिखट लागतंय व्हय?" म्हणाली. "तुमच्याकडल्या उसानं आमचे हात कापत्यात, तुमी आमची मिरची खा." ती चेष्टेनंच बोलली होती, तरी मी आणखी एक भाकरी घेतली.

तांडा, मंगळवार आणि बुधवार

मी दोन याद्या छापून नेल्या होत्या, मागची आणि नवी. मंगळवारी सकाळी नायकाच्या ओट्याजवळ सतरंजी टाकली आणि वाचायला सुरुवात केली. मी नाव घ्यायचं आणि जमलेल्यांनी सांगायचं, हाय, लग्न होऊन गेली, वारला, हाय, हाय. नायकांना सगळा तांडा घरामागून घर पाठ होता. मी वाचायच्या आधी पुढचं नाव त्यांच्या तोंडात यायचं.

नव्या यादीत त्या 'हाय' म्हणणाऱ्यांच्या नावांवर 'कमी केले' असा शिक्का मारलेला होता. कारण एकच, स्थलांतरित. हा शब्द मी आयुष्यात हजारो वेळा लिहिला असेल. तेव्हा तो समोर बसून विडी ओढत नव्हता, मांडीवरच्या लेकराला पाजत नव्हता. मी वाचत गेले आणि माझा आवाज चढत गेला. शेवटी सविता म्हणाली, "काकू, जरा पानी प्या."

नायकांचं नाव सोडलं तर आणखी एकाच नावावर शिक्का नव्हता. मी खूश होऊन मोठ्यानं वाचलं. कुणी 'हाय' म्हणालं नाही. तो नायकांचा धाकटा भाऊ होता आणि दोन वर्षांपूर्वी वारला होता.

"ह्याचं कसं राहिलं?" मी विचारलं.

झमकूबाई म्हणाली, "मेलेलं मानूस ऊस तोडाया जात न्हाई ना बाई. घरीच राहतंय."

सगळे हसले. मला हसता आलं नाही. झमकूबाईनं या तांड्यात शाळा नव्हती, वीज नव्हती तेव्हापासून मत टाकलेलं होतं. पूर्वी केंद्र पलीकडच्या गावात असायचं, तिथं ओढ्यातून चालत जायची. नातवंडं सांभाळायला सुनेबरोबर उसाच्या रानात गेली, एवढ्यावर तिला यादीतून उचलून टाकली होती आणि मेलेला माणूस मतदार म्हणून शाबूत होता.

हे सगळं होऊन गेलं काय, यांचं अडलं काय, असं कुणाला वाटेल. अडलं ते असं. शेजारचं मोठं गाव आणि हा तांडा मिळून एक ग्रामपंचायत आहे. तांड्याचा एक वेगळा प्रभाग आहे, त्यातून यांचा एक माणूस निवडून जातो. तो असतो म्हणून पाण्याची टाकी तांड्यापर्यंत आली आणि मुरमाचा का होईना अर्धा रस्ता झाला. आता पंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि तिच्यासाठीची यादी येत्या सोमवारी गोठवायची होती. गोठली की त्यात कुणाला घालता येत नाही. तांड्याच्या प्रभागात तांड्याचीच नावं नाहीत म्हटल्यावर ती जागा कुणाची होणार हे सांगायला ज्योतिषी नको. मोठ्या गावातल्या एका माणसानं या नावांवर एकगठ्ठा हरकती घेतल्या होत्या. सगळे अर्ज एकाच हस्ताक्षरात होते, हे मी पुढं ऑफिसात पाहिलं.

बुधवारी सकाळी माणसं पांगल्यावर नायक मला म्हणाले, "बाई, नावं मी काढली."

मला वाटलं उन्हाचा परिणाम. पण ते सांगत गेले. पौषात त्या हरकती तपासायला शाळेचे गुरुजी आले होते, यादीचं काम त्यांच्याकडंच असतं. "गुरुजी वाईट मानूस न्हाई. चांगला हाय. इथंच बसला, पानी प्याला. मला एकेक नाव वाचून विचारलं, हे मानूस घरी हाय का? मी म्हनलं, न्हाई. हे हाय का? न्हाई. खोटं कसं बोलू? नव्हतेच ना कुनी. मंग त्यानं कागद लिवला अन् सही मागितली. मी नायक. मी न्हाई करंल तं कोन करंल?"

"ते परत येणार आहेत, हे नाही सांगितलं?"

"ते त्यानं विचारलं न्हाई. अन् येनार न्हाईत तं जातील कुठं? घरं हायेत, शेतं हायेत, देव हायेत. दर साली जात्यात, दर साली येत्यात. हे का सांगायची गोष्ट हाय?"

आमच्याकडचा कुठलाही बेरकी पाटील असता तर, "आहेत की, शेतात गेलेत," असं ठोकून मोकळा झाला असता आणि एकही नाव गेलं नसतं. या माणसानं ओट्यावर बसून खरं सांगितलं म्हणून त्याचा सगळा तांडा खोडला गेला. मला त्यांचाही राग आला. इतकं सरळ राहून या राज्यात कसं चालेल, असं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "चुकलं माझं," आणि मुंडाशाखाली डोकं खाजवत बसले.

तालुक्याचं गाव, गुरुवार

गुरुवारी टेम्पो करून तीसेक माणसं गेलो. बायका जास्त होत्या. तहसील ऑफिसात अकराला पोचलो तर साहेब बैठकीला. आवारातल्या लिंबाखाली बसलो. भाकऱ्या सुटल्या, ठेचा फिरला, एक शिपाई येऊन ठेच्यासाठी हात पुढं करून गेला. साडेतीनला बोलावणं आलं, तेही फक्त तिघांना. नायक, सविता आणि मी.

साहेब तरुण होते, बोलायला मऊ. मी कुठल्या शाखेतून निवृत्त झाले हे सांगितल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि त्या दोघांना उभंच ठेवलं. मी खुर्चीवर बसले नाही. मग त्यांनी आणखी दोन खुर्च्या मागवल्या.

मी म्हटलं, "नाव कमी करायच्या आधी नोटीस बजावून म्हणणं ऐकून घ्यायचं असतं."

"नोटीस बजावली आहे, मॅडम." त्यांनी फाईल फिरवली. फोटोच फोटो. दारं, कुलपं, कुलपांवर कागद. "प्रत्येक घरावर डकवली. सुनावणीला कुणी आलं नाही."

"दाराला कुलूप आहे ना हो फोटोत? मग वाचणार कोण?"

"कुलूप आहे म्हणूनच डकवली."

"आणि कुलूप आहे म्हणूनच माणूस राहत नाही असं ठरवलं."

ते हसले. "मॅडम, तुम्ही याच खात्यातल्या. तुम्हाला पद्धत माहीत आहे."

माहीत होती. तेच तर मला झोंबलं. मीही माझ्या नोकरीत कोतवालाला डिंकाची बाटली देऊन पाठवलंय आणि संध्याकाळी 'बजावणी झाली' असा शेरा मारून घरी गेलेय. कायद्यानं माणसाला दिलेली एकच राखण, की तुझं ऐकल्याशिवाय तुला खोडणार नाही, तीही आम्ही लोकांनी डिंकावर भागवली. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते हेच, आणि त्या कुंपणातली एक काटेरी फांदी मीही होते.

साहेबांनी गुरुजींनी लिहिलेला पंचनामा काढला. "नायक, ही सही तुमची?"

"व्हय."

"यात लिहिलंय, सदर व्यक्ती या ठिकाणी राहत नाहीत. मग आता राहतात म्हणता. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

नायकांच्या हनुवटीखालची शीर उडताना मला दिसत होती. एक 'तेव्हा खोटं बोललो' म्हटलं असतं तर कदाचित काम झालं असतं. मी मनातून म्हणत होते, म्हणा, म्हणून टाका. ते म्हणाले, "तवा बी खरं, आता बी खरं. तुमचा कागद मला वाचता येत न्हाई. घरी हायेत का, एवढंच विचारलं व्हतं मला."

"ठीक आहे. यांना नवीन मतदार म्हणून अर्ज भरू द्या. प्रत्येकानं वेगळा, कागदपत्रांसह. छाननी होईल. सोमवारच्या यादीत मात्र येणार नाहीत. पुढच्या वेळी."

इतका वेळ गप्प बसलेली सविता बोलली. नायकांसमोर तिनं बोलायचं नव्हतं, पण बोलली. "साहेब, मी नवी न्हाई. माझी सासू तं तुमच्या जन्माच्या आदीपासून मत टाकून राहिली. तिला नवी म्हनून लिवायचं?"

"फॉर्मचं नावच तसं आहे हो ताई. मी काय करू?"

मग नायकांनी माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, नाव काढायचा बी अर्ज असतो म्हनं?"

"असतो."

"एक घ्या. माझं नाव काढा."

मी म्हटलं, "नायक, हे हात दाखवून अवलक्षण आहे. तुमचं एकट्याचं तरी राहिलंय."

"त्यांच्या वतीनं मी बोललो. ते यादीत न्हाईत तं मी कोनाचा नायक? एकट्यानं जाऊन मत टाकू? मेलेला भाऊ अन् मी, दोगंच?"

हे ते साहेबांना ऐकवायला बोलले नव्हते. अगदी हळू, मलाच सांगितलं. मी शिपायाकडून अर्ज मागवला आणि तिथंच भरला. त्यांनी वळणदार सही केली, त्यांना तेवढीच येते, आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. "घ्या. सोमवारच्या आत खोडा."

साहेबांनी वाचला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाबा, असं लगेच नाव खोडता येत नाही. तुम्ही स्वतः दिला तरी नाही. आधी तुम्हाला रीतसर नोटीस द्यावी लागेल. तुमची सुनावणी घ्यावी लागेल. मतदानाचा हक्क आहे हा, रागाच्या भरात..."

आणि ते थांबले. पंखा फिरत होता. सविता त्यांच्याकडं बघत होती. मीही बघत होते. बोललेलं वाक्य परत तोंडात घेता येत नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

मग मात्र माझा तोल गेला. एकतीस वर्षांत मी साहेब माणसाशी वरच्या पट्टीत बोलले नव्हते, ती सगळी कसर निघाली. म्हटलं, हेच वाक्य या प्रत्येक नावापुढं लिहा. जे या एकाला लागू आहे ते त्या सगळ्यांना का नाही ते लिहा. आणि तुमची सही करा खाली, कारण सह्या काय फक्त नायकांनीच करायच्या का. बाहेरच्या बायका खिडकीशी गोळा झाल्या. शिपाई दार लावायला लागला, त्याला मी दार उघडं ठेवायला लावलं.

साहेबांनी मला थांबवलं नाही. सगळं झाल्यावर खाली मान घालून म्हणाले, "मला स्वतःला ती नावं परत घालता येत नाहीत. आदेश झालाय. तुम्ही हिंगोलीला अपील करा. मुदत टळलीय, पण उशिराचं कारण लिहा." हे मात्र खरं होतं आणि त्यांनी ते सांगितलं, एवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

तांडा, शनिवार

शुक्रवारी हिंगोलीला जाऊन अपील दिलं. उशिराचं कारण मी एका ओळीत लिहिलं, 'अपीलकर्ते ऊस तोडत होते.' पोच घेतली. हे लिहिते आहे तोपर्यंत ते अपील तिथंच आहे. पुढं सोमवारी यादी गोठली, त्यात तांडा नाही. माझ्याकडून एवढंच झालं, आणि ते पुरेसं नव्हतं.

शनिवारी मी निघणार होते. सवितानं गूळ घालून दशम्या बांधून दिल्या होत्या. मी ओट्याजवळ, पण ओट्यावर नाही, बसले होते तेवढ्यात मोटारसायकलवरून कोतवाल आला. खांद्याला पिशवी, हातात नोंदवही. नायक कुठं आहेत म्हणाला. नायक लांबच्या रानात बैल घेऊन गेले होते.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"नोटीस हाय त्यांच्या नावानं. नाव कमी करायचा अर्ज दिलाय ना त्यांनी, त्याची सुनावणी. त्यांच्याच हातात द्यायची हाय."

गुरुवारी संध्याकाळी दिलेला अर्ज, आणि शनिवारी सकाळी नोटीस दारात. मी म्हटलं, "घरी नाहीत ते. दाराला कडी आहे बघा. चिकटवा आणि जा."

"न्हाई जमायचं. साहेबांनी बजावून सांगितलंय. मानूस येईपर्यंत बसायचं, सही घेतल्याबिगर यायचं न्हाई."

तो लिंबाखाली बसला. सवितानं त्याला पाणी दिलं, चहा दिला. एक तास गेला. बातमी तांडाभर झाली आणि बायका येऊन बसल्या. शेवटी नायक आले. कोतवालानं उठून, वहीवर सही घेऊन, कागद त्यांच्या हातात दिला. नायकांनी तो माझ्याकडं दिला आणि मी मोठ्यानं वाचला. आपले नाव कमी करण्याबाबत निर्णय घेण्यापूर्वी आपले म्हणणे मांडण्याची संधी आपणास देण्यात येत आहे. सगळे ऐकत होते.

झमकूबाईनं कोतवालाला विचारलं, "नायक घरी नव्हता, तरी थांबलास व्हय रे?"

"सांगितलंच होतं तसं, आजी. येनारच होते ना ते."

"आमी बी येनारच होतो," झमकूबाई म्हणाली.